यंत्राच्या पोटातला प्रोग्राम आणि तो घडवण्याची साधने

(संस्थेच्या वार्षिक समारंभात विद्यार्थी व पालकांसमोर दिलेले व्याख्यान)



संस्थेच्या चिटणीसांनी मला निमंत्रण दिले तेव्हा "संगणकावर काहीतरी बोला" एवढेच सांगितले होते. संगणक हा विषय आता समुद्राएवढा झाला आहे. सगळ्या समुद्राबद्दल बोलण्याची माझी पात्रता नाही. म्हणून ज्या कोपऱ्यात माझी चाळीस वर्षे गेली त्या कोपऱ्याबद्दलच बोलतो. तो कोपरा म्हणजे यंत्रांच्या पोटात बसवलेले छोटे संगणक, ज्यांना एम्बेडेड प्रोसेसर म्हणतात, आणि त्यांचे प्रोग्राम लिहिण्यासाठी लागणारी साधने. नाव ऐकून काहींच्या कपाळावर आठी पडली असेल. पण आज सकाळपासून तुम्ही अशा निदान दहा संगणकांना हात लावला आहे हे आधी ध्यानात घ्या.

किराणा दुकानातला वजनकाटा घ्या. रिक्षाचा मीटर, घरातले वॉशिंग मशीन, विजेचा नवा मीटर, दवाखान्यातले रक्तदाब मोजण्याचे यंत्र, या सगळ्यांत एकेक चिप बसलेली आहे आणि ती एकच प्रोग्राम जन्मभर चालवीत असते. १ एप्रिल २०२० पासून आपल्याकडे वाहनांना बीएस-६ चे नियम लागू झाले आणि नव्या मोटारसायकलींतून कार्ब्युरेटर जवळपास हद्दपार झाला. पेट्रोल किती सोडायचे हे आता तेथेही एक चिप ठरवते. आपल्यापैकी ज्यांचे गॅरेज आहे त्यांना हे माझ्यापेक्षा चांगले ठाऊक आहे. पूर्वी कानाने इंजिन ओळखणाऱ्या मिस्त्रीला आता स्कॅनर विकत घ्यावा लागतो.

या चिपला पडदा नसतो, कळफलक नसतो, आणि दुखले तर सांगायला तोंडही नसते. तिची स्मृती फार थोडी. शाळांत बहुधा पाहायला मिळणाऱ्या आर्डुइनो उनो बोर्डावरील चिपमध्ये प्रोग्रामसाठी ३२ किलोबाइट आणि चालू कामासाठी अवघे २ किलोबाइट एवढी जागा आहे. तुमच्या फोनमधले एक साधे छायाचित्रसुद्धा त्यात मावणार नाही. तेव्हा या चिपवर बसून तिचाच प्रोग्राम लिहिणे शक्य नाही. प्रोग्राम लिहायचा एका मोठ्या संगणकावर, त्याचे भाषांतर तेथेच करायचे, आणि मग तयार झालेले आकडे तारेने चिपमध्ये नेऊन ठेवायचे. म्हणजे शिंपी एका गावी आणि गिऱ्हाईक दुसऱ्या गावी. माप पत्राने कळवलेले, आणि कपडा अंगावर कसा बसला तेही पत्रानेच कळायचे. या दोन गावांमधला रस्ता म्हणजे आजचा आपला विषय. त्याला इंग्रजीत डेव्हलपमेंट एन्व्हायर्नमेंट असे भारदस्त नाव आहे. आपण त्याला साधनसंच म्हणू.

हा रस्ता पूर्वी कसा होता ते सांगतो, कारण त्याशिवाय आजच्या सोयीची किंमत कळायची नाही.

१९८३ साली मी तंत्रनिकेतनात होतो. आमच्याकडे ८०८५ या प्रोसेसरचा प्रशिक्षण संच होता. सोळा आकड्यांची बटणे, शिवाय आज्ञेची काही बटणे आणि सहा लाल अंक दाखवणारी पट्टी. चार अंक पत्त्याचे, दोन अंक तेथे ठेवलेल्या मजकुराचे. आम्ही फूलस्केप कागदाला उभ्या रेघा मारायचो. डावीकडे पत्ता, मध्ये सांकेतिक आकडा, उजवीकडे आज्ञा. ‘अमुक अंक उचल’ या आज्ञेचा आकडा ३ई, ‘अमुक ठिकाणी उडी मार’ याचा सी३, ‘थांब’ याचा ७६. हे आकडे तक्त्यात पाहून लिहायचे आणि मग एकेक बटण दाबून आत घालायचे. मध्येच एखादी आज्ञा राहिली असे लक्षात आले की पुढचे सगळे पत्ते सरकत आणि उडीचे प्रत्येक ठिकाण पुन्हा मोजावे लागे. म्हणून जाणती मुले आधीच मधूनमधून दोन-चार रिकाम्या आज्ञा पेरून ठेवत. आणि वीज गेली की सगळे पुसले जाई. त्या काळी वीज जाण्याला काही धरबंध नव्हता, त्यामुळे आम्ही सारे फार जलद टंकलेखक झालो!

कारखान्यात मात्र प्रोग्राम टिकावा लागे. त्यासाठी ईप्रॉम नावाची चिप असे. इंटेल कंपनीने ती १९७१ मध्ये बाजारात आणली आणि तिची कल्पना डोव्ह फ्रोमन या अभियंत्याची. तिच्या पाठीवर काचेची एक छोटी खिडकी असे. चूक झाली तर चिप काढून अतिनील दिव्याखाली पंधरा-वीस मिनिटे ठेवायची, पुसली की पुन्हा भरायची, पुन्हा बसवायची. त्या खिडकीवर चिकटपट्टी लावायला विसरलात आणि चिप उन्हात राहिली, तर आठवडाभरात प्रोग्राम आपोआप पुसला जाण्याची शक्यता असे. एका चुकीच्या दुरुस्तीला अर्धा तास लागत असल्यामुळे मनुष्य चूक करण्याआधी विचार करी. आता एका मिनिटात वीस वेळा प्रोग्राम चढवता येतो, तेव्हा विचार थोडा कमी झाला आहे असे माझे मत आहे. म्हातारपणाचे मत म्हणून सोडून द्या.

श्रीमंत कंपन्यांकडे याहून चांगली सोय होती. गॅरी किल्डाल नावाचे गृहस्थ अमेरिकेत मॉन्टेरे येथील नौदलाच्या शाळेत शिकवीत. इंटेलच्या पहिल्या, म्हणजे १९७१ च्या ४००४ प्रोसेसरची नक्कल मोठ्या संगणकावर चालवणारा प्रोग्राम त्यांनी लिहिला. चिप हातात नसतानाही तिचा प्रोग्राम तपासता यावा हा हेतू. पुढे त्यांनी इंटेलसाठी पीएल-एम ही भाषा तयार केली. तिचे भाषांतर मोठ्या संगणकावर होई आणि निकाल छोट्या चिपसाठी निघे. आज आपण ज्याला क्रॉस कंपायलर म्हणतो तो हाच. १९७५ च्या सुमारास इंटेलने इन-सर्किट एम्युलेटर आणला. बोर्डावरचा खरा प्रोसेसर उपटून काढायचा आणि त्या खाचेत एम्युलेटरचे टोक बसवायचे. बोर्डाला वाटे, आपला प्रोसेसर जागेवर आहे. प्रत्यक्षात दुसरीकडे बसलेला अभियंता त्याला वाटेल तेथे थांबवून आतला प्रत्येक आकडा वाचू शके. बंद खोलीला खिडकी पाडण्याचाच हा प्रकार. पण ही यंत्रणा हजारो डॉलरांची, आणि नवा प्रोसेसर घेतला की नवा एम्युलेटर. आमच्यासारख्यांनी त्याचे फक्त माहितीपत्रक पाहिले होते.

पुढचा इतिहास भराभर सांगतो. १९८७ मध्ये रिचर्ड स्टॉलमन यांनी जीसीसी हा कंपायलर सर्वांना मोफत खुला केला. त्याचा जोडीदार जीडीबी हा दोष शोधणारा प्रोग्राम आदल्याच वर्षी आला होता. १९९० मध्ये जेटॅग नावाचे प्रमाण ठरले. ते मुळात बोर्डावरचे सांधे तपासण्यासाठी होते, पण त्याच चार-पाच तारांतून चालता प्रोसेसर थांबवून आत डोकावता येते हे लोकांनी ओळखले. एम्युलेटरची खिडकी आता चिपमध्येच बसवलेली येऊ लागली. १९९३ मध्ये विजेनेच पुसता येणारी स्मृती साध्या, स्वस्त चिपमध्ये आली आणि अतिनील दिवा अडगळीत गेला.

आता माझ्या फजितीची एक हकीकत सांगतो. १९९५ च्या सुमारास मी एका लहान कारखान्यात होतो. वजनकाट्याचे अंक दाखवणारे यंत्र आम्ही बनवीत असू. चिप ८०५१ जातीची, प्रोग्रामला जागा ४ किलोबाइट. प्रोग्राम मी सी भाषेत लिहिला होता. ग्राहकाच्या मागण्या वाढत गेल्या आणि एके दिवशी प्रोग्राम ४ किलोबाइटच्या बाहेर गेला. कंपायलरमध्ये ‘ऑप्टिमायझेशन’ नावाची सोय असते, म्हणजे तोच प्रोग्राम काटकसरीने लिहून दे असे त्याला सांगायचे. मी ती सोय चालू केली. प्रोग्राम जागेत बसला. मी खूश झालो. यंत्र सुरू केले तर ते पहिल्याच पायरीवर गोठले.

नऊ दिवस मी बोर्डाला दोष दिला. क्रिस्टल बदलला, कपॅसिटर बदलले, वीजपुरवठ्याची तक्रार केली, ज्याने सोल्डरिंग केले त्या मुलाला नको ते बोललो. आमच्याकडे एक ज्येष्ठ सहकारी होते, त्यांना आम्ही सारे चाचा म्हणत असू. सी भाषा त्यांना फारशी येत नव्हती, सारे आयुष्य आकड्यांच्या आज्ञा लिहिण्यात गेलेले. दहाव्या दिवशी ते माझ्या टेबलाशी येऊन म्हणाले, "बेटा, तू काय लिहिलंस ते तू मला दहा वेळा दाखवलंस. त्या कंपायलरने काय लिहिलंय ते दाखव."

मी ते कधी पाहिलेच नव्हते. आम्ही ती यादी डॉट मॅट्रिक्सवर छापून काढली आणि चाचांनी पेन्सिल घेऊन पाच मिनिटांत एका ओळीवर खूण केली. झाले होते असे. माझा प्रोग्राम एका जागी थांबून वाट पाहत असे. वजनाचा आकडा तयार झाला की इंटरप्टचा, म्हणजे मध्येच धावून येणारा, दुसरा एक तुकडा ‘झेंडा’ वर करी. झेंडा वर दिसला की मुख्य प्रोग्राम पुढे जाई. कंपायलरने पाहिले की वाट पाहणाऱ्या त्या ओळींत झेंड्याला कोणीच हात लावीत नाही. मग पुन्हा पुन्हा पाहायचे कशाला? काटकसर म्हणून त्याने झेंडा एकदाच पाहिला आणि तो खाली आहे असे गृहीत धरून तेथेच फेऱ्या मारीत राहण्याची आज्ञा लिहिली. त्याच्या दृष्टीने त्याचे काहीच चुकले नव्हते. ‘हा झेंडा माझ्या पाठीमागे बदलू शकतो, दर वेळी नव्याने पाहा’ हे सांगणारा ‘व्होलाटाइल’ असा एक शब्द सी भाषेच्या १९८९ च्या प्रमाणात आहे. तो मी लिहिला नव्हता. एक शब्द घातला, यंत्र चालू झाले. सोल्डरिंग करणाऱ्या मुलाची मी माफी मागितली. त्याने ती दिली, पण पुढे कित्येक महिने नवा बोर्ड माझ्या टेबलावर ठेवताना तो "साहेब, आधी तुमची यादी वाचा" म्हणत असे.

ही अडचण केवळ छोट्या कारखान्यातली नव्हे. ४ जुलै १९९७ रोजी अमेरिकेचे पाथफाइंडर यान मंगळावर उतरले. हवामानाची मोजणी सुरू झाल्यावर त्याचा संगणक मधूनच स्वतःला बंद करून पुन्हा सुरू होऊ लागला, आणि दर वेळी त्या दिवसाचे उरलेले काम बुडू लागले. कारण समजण्यासाठी एक कचेरी डोळ्यांपुढे आणा. कपाटाची किल्ली शिपायाकडे आहे. मोठ्या साहेबांना तातडीने कपाट उघडायचे आहे, ते किल्लीची वाट पाहत बसले आहेत. शिपाई किल्ली परत देणार तोच हेडक्लार्क त्याला बाजूला सारून स्वतःचे लांबलचक काम काढून बसतो. हेडक्लार्क शिपायापेक्षा मोठा, म्हणून शिपायाला थांबावे लागते. आणि शिपाई थांबला म्हणून साहेबही थांबतात. यानात हवामानाचे काम हा शिपाई होता आणि माहितीच्या वाहतुकीवर देखरेख करणारे काम हे साहेब. साहेबांचे काम वेळेत झाले नाही असे दिसताच यान स्वतःला नव्याने सुरू करी.

कोट्यवधी किलोमीटर दूरच्या यंत्रात हे कसे सापडले? यानात चालू असलेल्या प्रोग्रामची तंतोतंत प्रतिकृती पृथ्वीवर होती, आणि कोणते काम कोणत्या क्षणी चालू झाले, कोठे अडले याची नोंद ठेवण्याची सोय त्या साधनसंचात होती. अभियंत्यांनी तोच दोष येथे घडवून आणला, नोंद वाचली आणि कारण ओळखले. उपाय असा की किल्ली हातात असेपर्यंत शिपायाला साहेबांचा दर्जा द्यायचा, म्हणजे हेडक्लार्क त्याला अडवू शकणार नाही. ही सोय त्या प्रणालीत आधीपासून होती, फक्त बंद ठेवलेली होती. ती चालू करणारा बदल मंगळावर पाठवण्यात आला आणि यान सुरळीत चालले. आत पाहण्याची सोय नसती तर शास्त्रज्ञ मंगळावरच्या थंडीला दोष देत बसले असते, जसा मी कपॅसिटरला देत होतो.

आता आजच्या काळाकडे येऊ. २००५ मध्ये इटलीतील इव्रेया गावी मासिमो बान्झी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी आर्डुइनो तयार केले. त्याआधी तेथील एरनान्दो बारागान या विद्यार्थ्याने ‘वायरिंग’ नावाचे काम केले होते, त्यावर हे उभे आहे. चित्रकला आणि रचना शिकणाऱ्या मुलांना चिप वापरता यावी हा हेतू. म्हणून सारा साधनसंच एका खिडकीत आणून त्यांनी दोन बटणे ठेवली. एक तपासण्याचे, दुसरे चढवण्याचे. बटण दाबले, दिवा लुकलुकला. माझ्या १९८३ च्या संचावर ज्याला एक दुपार लागे ते आता सातवीची मुलगी दहा मिनिटांत करते. मला याचा आनंदच आहे. जे लोक "ही काही खरी इंजिनिअरिंग नव्हे" म्हणून नाक मुरडतात त्यांच्यापैकी मी नाही.

पण त्या बटणामागे काय दडले आहे ते तुम्ही एकदा तरी पाहा. सेटिंगमध्ये कंपायलरचा तपशील दाखवण्याची एक खूण आहे, ती लावा. मग दिसेल की तुमच्या लिखाणापाठीमागे एक मुख्य प्रोग्राम लपलेला आहे. तो आधी चिपची तयारी करतो, मग तुमचे ‘सेटअप’ एकदा चालवतो आणि नंतर ‘लूप’ अखंड चालवीत राहतो. त्यापाठीमागे तोच जीसीसी आहे, जो मोठमोठ्या कंपन्याही वापरतात. उनोवर प्रोग्रामला ३२,२५६ बाइट जागा आहे असा संदेश येतो. ३२ किलोबाइट म्हणजे ३२,७६८. मग ५१२ बाइट गेले कोठे? तेथे बूटलोडर नावाचा रखवालदार बसला आहे, जो तारेतून आलेला प्रोग्राम उतरवून घेतो. कंपायलरने लिहिलेल्या आज्ञांची यादी काढून देणारे साधनही त्याच संचाबरोबर आलेले असते. चाचांनी मागितली होती ती हीच यादी.

आत पाहण्याची खिडकीही आता महाग राहिलेली नाही. रास्पबेरी पाय पिको हा बोर्ड २०२१ मध्ये आला तेव्हा त्याची जाहीर किंमत ४ डॉलर होती. असे दोन बोर्ड घेतले तर एक दुसऱ्याचा तपासनीस होतो. दोन संकेततारा आणि एक सामाईक तार जोडली, ओपनओसीडी आणि जीडीबी हे मोफत प्रोग्राम घेतले, की चालता प्रोग्राम हव्या त्या ओळीवर थांबतो आणि आतला प्रत्येक आकडा समोर दिसतो. ज्या सोयीचे मी नुसते माहितीपत्रक पाहिले होते ती आता दोन वेळच्या चहा-नाश्त्याच्या पार्टीच्या खर्चात मिळते. आपल्या देशातील सी-डॅक या संस्थेने, जिचे मुख्यालय पुण्यातच आहे, वेगा नावाचे प्रोसेसर तयार केले आहेत. त्यांतील तेजस चिप असलेले एरीज बोर्ड याच आर्डुइनोच्या खिडकीतून चालवता येतात. म्हणजे येथे शिकलेले हातचे जात नाही.

तर मग अडते कोठे? मी परीक्षक म्हणून गेली काही वर्षे निरनिराळ्या ठिकाणी जातो. एका ठिकाणी बोर्ड नवे कोरे, प्लॅस्टिकच्या पिशवीसह कपाटात, कपाटाला कुलूप. मोडले तर भरून कोण देणार, ही शिक्षकांची भीती. दुसऱ्या ठिकाणी वीस मुलांच्या वह्यांत एकच प्रोग्राम, एकाच ठिकाणी एकच शुद्धलेखनाची चूक. मुलाला विचारले, "ही ओळ काढली तर काय होईल?" तो म्हणाला, "सर, मार्क जातील." या मुलाला पदवी मिळाली आहे. ज्या दिवशी वजनकाटा गोठेल त्या दिवशी तो नऊ दिवस कपॅसिटर बदलत बसेल, आणि त्याच्या शेजारी चाचा नसतील.

म्हणून पदाधिकाऱ्यांना माझी विनंती आहे. प्रयोगशाळेसाठी जी रक्कम तुम्ही राखून ठेवली आहे तिच्यातून आणखी संगणक घेऊ नका. आहेत ते पुरेसे आहेत, जीसीसीला नवा संगणक लागत नाही. त्याऐवजी स्वस्त बोर्ड जास्त घ्या, दरवर्षी त्यांतले काही मोडतील हे हिशेबातच धरा, आणि मोडल्याबद्दल कोणाला जाब विचारू नका. प्रयोगशाळा संध्याकाळी दोन तास उघडी ठेवा. दिवसा दुकानावर बसणारी मुले आणि घरकाम आटोपून येणाऱ्या मुली तेव्हाच येऊ शकतात. शिक्षकांना विनंती अशी की, चालणारा प्रोग्राम देऊन तो उतरवून घ्यायला सांगू नका. बिघडलेला प्रोग्राम द्या.

मी आज येताना सहा बोर्ड आणले आहेत आणि ते विज्ञानाच्या शिक्षकांच्या स्वाधीन केले आहेत. प्रत्येकात दिवा लुकलुकवणारा प्रोग्राम आहे आणि सहाही बोर्डांवर दिवा लुकलुकत नाही. पाच बोर्डांत दोष प्रोग्राममध्ये आहे. सहाव्यात मी एक तार आतून तोडली आहे. तो कोणता, हे शिक्षकांनाही सांगितलेले नाही. प्रयोगशाळेची किल्ली मात्र मी त्यांच्याकडून मागून घेऊन दहावीच्या वर्गप्रतिनिधीकडे दिली आहे.